बोलीच्या शब्दसंग्रहात ‘ळ’ आणि ‘क्ष’ कुठं बसवायचे?

बेळगाव-खानापूरकडचे शब्द जमवलेत, संगणकानं ‘ळ’ मधेच घुसवला नि ‘ॲ’ तळाला टाकला. शिवाय गावागणिक शब्द बदलतो, तर नोंद कशाखाली करायची, असं तुम्ही विचारलंय.

युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ‘ळ’चा क्रमांक (संकेतांक) ल आणि व यांच्यामध्ये आहे, ‘ॲ’चा तर अंकांच्याही पुढं. नुसत्या संकेतांकावर क्रम लावला की मळणी मसाल्याच्या आधी येणारच. एक्सेलमध्ये शब्दांच्या शेजारी क्रमासाठी एक स्तंभ करा, त्यात दर अक्षराला दोन अंक द्या आणि त्यावरच क्रम लावा. अनुस्वार ०१, विसर्ग ०२, स्वर ११ पासून (‘ॲ’ ए-नंतर), क ३१ ते ह ६३, ळ ६४, काना-मात्रा ७१ पासून, हलन्त ९९. तयार झालेल्या आकड्याच्या सुरुवातीला एखादं अक्षर चिकटवा. नाहीतर एक्सेल त्याला संख्या समजतं आणि पंधराव्या अंकानंतर शून्यं भरतं.

‘सुऱ्या’तला ऱ कुणी सरळ ऱ टंकतं, कुणी र्, अदृश्य जोडचिन्ह आणि य. दिसायला एक, क्रमात लांब. जोडचिन्ह काढा, ऱ लाही र चाच ५७ द्या. कानडी शब्दांतल्या ऱ्हस्व ऎ-ऒ ना ए-ओ चेच अंक.

आता ‘क्ष’. शाळेच्या तक्त्यात तो शेवटी, म्हणून कोशातही शेवटी, असा हट्ट धरणारे आमच्याकडं ढिगानं आहेत. त्यांनी पक्का, पक्व, पक्ष हे तीन शब्द लावून दाखवावेत. क्ष म्हणजे क् + ष. पक्ष पक्वच्या पाठोपाठच यायला हवा. त्यांच्या हिशेबानं तो पळसाच्याही खाली जातो. ज्ञ तसाच, ज मध्ये. तक्ता अक्षरं गिरवायला असतो, शब्द शोधायला नाही.

बेळगावकडच्या गावांची नावं घ्या: अनुस्वार ०१ धरला तर कंग्राळी कडोलीच्या आधी. ९० धरला तर कुद्रेमनीच्याही नंतर. दोन्ही चालतं, भेसळ चालत नाही.

नोंद जास्त गावांत चालणाऱ्या रूपाखाली करा, बाकीच्यांपुढं ‘पाहा’. पुण्याचं रूप वर चढवू नका. कानडी मूळ फर्डिनांड किटेलच्या १८९४ च्या कन्नड-इंग्रजी कोशात तपासा.

मजकूर युनिकोडआधीच्या, छपाईसाठीच्या जुन्या डीटीपी फाँटातला असेल तर आधी युनिकोडमध्ये आणा. त्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी बहुधा व्यंजनाच्या आधी साठवलेली असते. आणि पुस्तक लहान मुलांसाठी असेल तर क्ष-ज्ञ शेवटी ठेवा बापडे, पण प्रस्तावनेत तसं लिहा.