थंडीत ग्वाल्हेर: ऊन बघून फिरा

तुम्ही विचारलंय की डिसेंबर-जानेवारीत चार दिवस ग्वाल्हेरला यायचंय, पुण्याहून, सोबत सत्तरीची आई. तर थंडीत तिथे किल्ल्याशिवाय काय आहे? माझं माहेर आणि सासर दोन्ही लष्करातलं. (लष्कर म्हणजे इथला जुना मराठी भाग. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ पडला, त्याचंच पुढे शहर झालं.) त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी थंडीचं बोलू. माझ्या बहिणीचे यजमान पहिल्यांदा आले ते पुण्यात घालतात तोच एक स्वेटर घेऊन. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रजईतून बाहेर आले नाहीत. इथे जानेवारीत रात्री पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरतो आणि जुन्या दगडी घरांत बाहेरपेक्षा आतच जास्त गारठा असतो. म्हणून अकरा वाजले की अख्खं घर गच्चीवर. मटार सोलणं, केस वाळवणं, मुलांचा अभ्यास, भाऊबंदकी, सगळं उन्हात. तुम्हीही असंच करा. दहाच्या आत हॉटेलातून निघायचंच नाही. खोलीत हीटर आहे का ते आधी विचारून घ्या. कोणी प्रेमाने कोळशाची शेगडी आणून दिली तर बंद खोलीत ती ठेवून झोपू नका, जीव जातो.

किल्ला भर उन्हात, अकरा ते तीन. आईंसाठी उरवाई दरवाजाकडून गाडी वर जाते, आणि त्याच वाटेवर कड्यात कोरलेल्या जैन मूर्ती लागतात, तोमर राजांच्या काळातल्या. वर मानमंदिर महालाच्या भिंतीवर निळ्या टाइल्सची बदकं रांगेने चाललीत. धुक्यात ती दिसतच नाहीत, उन्हात मात्र काल लावल्यासारखी चमकतात. पाय धड असतील तर तुम्ही एकदा ग्वाल्हेर दरवाजाने चढून या. त्या चढावर चतुर्भुज मंदिर आहे, खोलीएवढंच. आत ८७६ सालचा शिलालेख आहे. देवाला दिलेल्या बागेची लांबी २७० हात आणि रोज ५० हार, असा हिशेब त्यात आहे आणि त्यातली शून्यं आपण काढतो तशीच गोल आहेत. लोक याच्यासमोरून धापा टाकत निघून जातात, वाईट वाटतं.

जयविलास महाल ढगाळ दिवसासाठी राखून ठेवा. साडेतीन-साडेतीन टनांची दोन झुंबरं, जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी, हे सगळं छपराखालीच आहे. झुंबरं टांगण्याआधी छतावर हत्ती चढवून पाहिले म्हणतात. ही गोष्ट प्रत्येक गाइड सांगेल. ऐकून घ्या.

आता खरं सांगायचं ते तानसेन समारोहाचं, म्हणजे इथल्या शास्त्रीय संगीताच्या महोत्सवाचं. डिसेंबरात जमत असेल तर तारखा बघूनच तिकीट काढा. तारखा दर वर्षी बदलतात, पण साधारण महिन्याच्या उत्तरार्धात असतो. १९२४ पासून चालू आहे आणि तिकीट नाही. शहरातल्या हजिरा भागात सूफी संत मुहम्मद गौस यांचा जाळीदार मकबरा आहे, त्याच्या अंगणात तानसेनची साधी, उघडी कबर. मंच तिथेच उभारतात. पहिल्या दिवशी सकाळी सनई, मग ढोलीबुवा मठाच्या परंपरेतली हरिकथा आणि मिलाद (पैगंबरांच्या स्तुतीचं पठण), एकाच अंगणात, एकामागून एक. आमच्या लहानपणी आजी हरिकथेला पुढे बसायची आणि मिलाद संपेपर्यंत उठायची नाही. तुम्ही सवाईला जाणारे असाल तर इथलं सगळं घरगुती वाटेल. पण तुमच्याकडचा ख्याल मूळ इथलाच बरं का! बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथल्या वासुदेवबुवा जोशींकडे शिकले आणि ती गायकी महाराष्ट्रात घेऊन गेले. संध्याकाळच्या सभा उशिरापर्यंत चालतात, तेव्हा आईंना गुडघ्यावर घ्यायला शाल, कानटोपी आणि चहाचा थर्मास असूच द्या. तानसेनच्या कबरीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा सुधारतो असं म्हणतात. मी खाल्लाय, माझा सुधारला नाही. एक सभा तानसेनच्या गावी, बेहटलाही असते. गाडी असेल तर तीही करा.

समारोह हुकला तर ग्वाल्हेरचा व्यापारी मेळा सापडेल. माधवराव शिंद्यांनी १९०५ साली सुरू केलेला, मूळचा गुरांचा बाजार. आता तिथे रजयांपासून मोटारींपर्यंत सगळं मिळतं. काही वर्षी गाड्यांच्या रोड टॅक्समध्ये ५० टक्के सूट असते, म्हणून लोक मेळ्यासाठी गाडी घ्यायची थांबतात. संध्याकाळी हातात मोजे घालून सॉफ्टी आइस्क्रीम खाणारे दिसतील. त्यांना हसू नका, तुम्हीही खाल.

एक दिवस मुरैन्याच्या बाजूला द्या. बटेश्वर, पडावली आणि मितावलीचं गोल चौसष्ट योगिनी मंदिर एका फेरीत होतात. बटेश्वरची देवळं ढिगाऱ्यातून दगड जुळवून उभी केलीत. मितावलीला पायऱ्या आहेत, आईंनी खाली उन्हात बसावं. त्यापेक्षा त्यांना चंबळ जास्त आवडेल असं मला वाटतं. राजघाटाहून नाव मिळते. घडियाल, म्हणजे लांब निमुळत्या तोंडाची मगर, थंड रक्ताचा, त्यामुळे हिवाळ्यात वाळूवर तासन् तास ऊन खात पडून राहतो, अगदी आमच्या गच्चीवरच्या मंडळींसारखा. उन्हाळ्यात तो असा दिसत नाही. चक्रवाक पक्षीही थंडीतच येतात. इथेही सकाळी लवकर निघायची घाई नको. हायवेवर धुकं असलं की पुढच्या ट्रकचा दिवासुद्धा दिसत नाही.

खायचं म्हणाल तर सकाळी बेडई (डाळ भरलेली पुरी) आणि भाजी, सोबत जिलबी, बाकी गजक. गुळाचा पाक खुंटीला ताणून ताणून फिका करतात, मग भाजलेले तीळ घालून लाकडी मोगरीने कुटतात. हे काम थंड, कोरड्या हवेतच जमतं, दमट हवेत गजक मऊ पडते. म्हणून पावसाळ्यात कोणी ‘ताजी गजक’ विकत असेल तर घेऊ नका. संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकवात तिळगुळाच्या वडीशेजारी गजकेचा तुकडा ठेवतात. माझ्या सासूबाईंना ते अजून पटलेलं नाही.

शेवटी गाडीचं. येताना पुण्या-मुंबईकडची गाडी बहुधा फार रखडत नाही. परतीची मात्र उत्तरेकडून धुक्यातून येते. झेलम जम्मूहून निघते, पंजाब मेल फिरोजपूरहून, आणि चार-सहा तास उशीर जानेवारीत कोणाला नवा वाटत नाही. त्यामुळे परतल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी ऑफिस ठेवू नका, आणि स्टेशनला निघण्याआधी गाडी कुठवर आली ते बघून मगच हॉटेलची खोली सोडा. गजक डब्यातच न्या, पिशवीत तिचा भुगा होतो.