सुमो (रस्त्यांवरच्या वाहतुकीचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर) नव्याने शिकताय? आधी एवढंच करा

पहिल्याच दिवशी अख्खं पुणे नकाशात ओढू नका. स्वारगेट तर नकोच, उड्डाणपुलातच अडकाल. डेक्कनचा गुडलक चौक आणि त्याला मिळणारे रस्ते, बास. सुमोसोबत येणारं ओएसएम वेब विझार्ड ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशातून तेवढा तुकडा उचलून गाड्यांसकट सिनारिओ (चालवायला तयार सिम्युलेशन) बनवून देतं. डावीकडून वाहतुकीचा पर्याय तेवढा टिक करा, नाहीतर डेक्कनवर गाड्या उजव्या बाजूने पळतील (सॉफ्टवेअर जर्मनीचं आहे!).

रन दाबलं की सगळं भुर्रकन संपतं आणि लोक विचारतात, 'दिसलं काहीच नाही, चुकलं कुठे?' चुकलं काही नाही. वरच्या पट्टीतला डिले, म्हणजे सिम्युलेशनच्या दोन पायऱ्यांमधला थांबा, वाढवा. एक पायरी एका सेकंदाची असेल तर 1000 मिलिसेकंदांना जवळपास घड्याळाचा वेग मिळतो. 100 ते 200 बघायला बरा. मग एकच गाडी धरा, राइट-क्लिक करून पॅरामीटर उघडा आणि सिग्नलपाशी तिचा वेग कसा उतरतो ते बघत बसा.

नवखे हमखास इथे फसतात:

- गाडी अचानक गायब होते. 300 सेकंद अडकलेली गाडी सुमो उचलून पुढे टाकतं. कोंडी सुटली म्हणून खूश होऊ नका, खालचे इशारे वाचा.
- सीड (रँडम आकडे ज्यावरून सुरू होतात तो आकडा) तोच, तर निकालही तोच. सीड बदलून पुन्हा चालवा.
- विझार्डच्या गाड्या रँडम असतात. त्यावरून पुण्याच्या ट्रॅफिकबद्दल निष्कर्ष काढू नका.

फटीतून घुसणाऱ्या दुचाक्यांसाठी सबलेन मॉडेल (एकाच लेनचे उभे बारीक पट्टे पाडणारं) आहे. मोह होईल, पण सध्या राहू द्या.