टर्मिनल आपोआप उघडतात, पण क्रम लावावा लागतो

तुमचा प्रश्न असा, की रोज सकाळी व्हीएस कोड हा कोड एडिटर उघडला की डेटाबेस, बॅकएंड (सर्व्हरची बाजू), फ्रंटएंड (वापरणाऱ्याला दिसणारी बाजू) अशी तीन टर्मिनल, म्हणजे कमांड देण्याच्या खिडक्या, हाताने उघडून प्रत्येकात कमांड द्यावी लागते, ते आपोआप होईल का. होईल, आणि एकही एक्स्टेंशन (वेगळं जोडायचं पूरक सॉफ्टवेअर) लागणार नाही. प्रोजेक्टच्या डॉट-व्हीएसकोड फोल्डरमध्ये टास्क्स-डॉट-जेसन ही फाइल बनवा; एडिटरने कोणती कामं चालवायची ते तिच्यात लिहितात. प्रत्येक कमांडचा एक टास्क, सीडब्ल्यूडीमध्ये (कमांड कुठे चालवायची ते सांगणारी नोंद) त्याचा फोल्डर. तिन्हींना डिपेंड्सऑनमध्ये घेणारा एक मुख्य टास्क लिहा आणि त्याच्या रनऑप्शन्समध्ये रनऑनला फोल्डरओपन द्या. प्रेझेंटेशनमध्ये सगळ्यांचा ग्रुप एकच ठेवला की टर्मिनल शेजारी-शेजारी दिसतात.

इथवर दहा मिनिटांचं काम. मी अडकलो ते पुढे. नागपूरच्या मानकापूरला घरून काम करतो. मे महिन्यातल्या एका दुपारी तीनदा लाइट गेली, कूलरही बंद आणि डेस्कटॉपही. तिन्ही वेळा मशीन सुरू केल्यावर टर्मिनल नीट उघडले, बॅकएंड मात्र डेटाबेस सापडत नाही म्हणून बंद पडलेला. डिपेंड्सऑन सगळे टास्क एकदम सुरू करतो. डेटाबेस तयार होण्याआधीच बॅकएंड त्याला जोडायला गेला होता.

मग टास्क एकामागून एक चालावेत म्हणून डिपेंड्सऑर्डरला सिक्वेन्स दिलं, तर फ्रंटएंड सुरूच होईना! आधीचा टास्क संपल्याशिवाय पुढचा लागत नाही, आणि सर्व्हर तर कधी संपतच नाही. सर्व्हरच्या टास्कला इझबॅकग्राउंड ट्रू करा आणि त्याच्या प्रॉब्लेममॅचरच्या (टास्कने छापलेल्या ओळी तपासणारा भाग) बॅकग्राउंड भागात बिगिन्सपॅटर्न आणि एंड्सपॅटर्न दोन्ही लिहा. तुमचा सर्व्हर तयार झाल्यावर जी ओळ छापतो, तीच एंड्सपॅटर्नमध्ये हवी. माझ्याकडे 'लिसनिंग ऑन' आहे. ती दिसली की एडिटर पुढच्या टास्ककडे जातो. शब्द लॉगमधूनच (टर्मिनलमध्ये छापलेल्या ओळींमधूनच) कॉपी करा, आठवून लिहू नका. एक अक्षर चुकलं तरी पुढचा टास्क वाट पाहत बसतो.

डेटाबेस डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं साधन) असेल तर त्याच्या कंपोज फाइलमध्ये हेल्थचेक, म्हणजे डेटाबेस तयार आहे का ते पाहणारी तपासणी, घाला, पोस्टग्रेस डेटाबेससाठी पीजी-इझरेडी ही कमांड पुरेशी आहे, आणि कंपोजच्या अप कमांडला वेट हा पर्याय जोडा. म्हणजे डेटाबेस खरोखर तयार झाल्यावरच कमांड संपते.

फोल्डर उघडूनही काहीच चाललं नाही, तर कमांड पॅलेटमध्ये (एडिटरच्या कमांड शोधायची पेटी) 'मॅनेज ऑटोमॅटिक टास्क्स' शोधून परवानगी द्या. पण ही परवानगी फक्त स्वतःच्या किंवा टीमच्या कोडला. दुसऱ्या कुणाची रेपॉझिटरी (कोडचा साठा) उतरवली असेल तर एडिटर विश्वासाबद्दल विचारतो तेव्हा घाईने होय म्हणू नका. आधी रिस्ट्रिक्टेड मोडमध्येच (यात टास्क चालत नाहीत) तिची टास्क्स-डॉट-जेसन उघडून वाचा, कारण त्यातली कमांड तुमच्या मशीनवर तुमच्याच अधिकारांनी चालते.