ग्रांदे बेटाचे प्रवाळ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलांना घेऊन ग्रांदे बेटाच्या सहलीला गेलो होतो. पोचताच प्रत्येक बोटीने नांगर टाकला, लोकांनी माशांसाठी पाव फेकले. ‘खाली नुसता खडक आहे’ असे बोटवाला म्हणाला. ते खरे का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : नुसता खडक नाही. गोव्यात मुरगावसमोरच्या या बेटाभोवती उथळ पाण्यात खडकांना धरून जिवंत प्रवाळ वाढते. लक्षद्वीपसारखी सलग भिंत इथे नाही, विखुरलेल्या वसाहती आहेत. पाणी बहुतेक वेळा गढूळ असल्याने त्या बोटीवरून दिसत नाहीत, म्हणून बोटवाल्याला मी दोष देणार नाही. जवळून पाहिले तर एक तपकिरी-हिरवट घुमट दिसतो, त्यावर दाटीवाटीने बारीक खळगे आणि प्रत्येक खळग्यात एक मऊ जीव. हे सगळे जीव मिळून चुन्याचा सांगाडा रचतात, तरी असा घुमट वर्षाला काही मिलिमीटर, फार तर एक-दोन सेंटिमीटर वाढतो. ताटाएवढा व्हायला दोन-तीन दशके सहज जातात.

नांगर पडतो तेव्हा एक घाव बसतोच, पण खरी नासधूस नंतर होते. वारा फिरला की बोट फिरते, तळाशी पडलेली साखळी तिच्याबरोबर ओढली जाते आणि वाटेत येईल ते खरवडत जाते. एकाच जागी रोज बोटी थांबल्या तर तिथे काही उरत नाही. यावर जगभर वापरला जाणारा उपाय म्हणजे कायमचे बोये, तळाशी बांधलेले तरंगते गोळे. तळात एकदा पक्के बसवले की बोटी त्यांनाच दोर बांधतात, नांगर टाकावाच लागत नाही. ही मागणी बोटमालकांनीच लावून धरावी असे मला मनापासून वाटते, कारण त्यांचे गिऱ्हाईक तळाशी जे जिवंत आहे ते बघायला येते.

पावही फेकू नका. खडकावरचे शेवाळ चरून साफ ठेवणारे मासे आयत्या पावाच्या मागे लागतात, आणि शेवाळ माजले की प्रवाळाच्या पिलांना बसायला जागा राहत नाही.

प्रश्न : समुद्र तापल्यामुळे जगभरचे प्रवाळ मरते आहे असे वाचतो. मग गोव्यातल्या नांगर-जाळ्यांचा हिशेब मांडून काय उपयोग? (एक विद्यार्थी, फोंडा)

उत्तर : तापमान हा सगळ्यात मोठा धोका आहे, यात वाद नाही. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते आणि बहुतेक अन्न तेच पुरवते. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमालीपेक्षा अंशभर जरी वर जाऊन काही आठवडे तसेच राहिले, तर हे शैवाल बाहेर पडते, प्रवाळ पांढरे होते आणि उपाशी राहते. 1998 मध्ये लक्षद्वीपला याचा जबर फटका बसला. एप्रिल 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी जागतिक पातळीवरचे चौथे विरंजन, म्हणजे प्रवाळाचे असे पांढरे पडणे, जाहीर केले. पृथ्वीची तापमानवाढ दीड अंशावर थांबली तरी उथळ उष्ण समुद्रातले 70 ते 90 टक्के प्रवाळ घटेल, असा आंतरसरकारी हवामान समितीचा अंदाज आहे.

पण पांढरे झालेले प्रवाळ मेलेले नसते. पाणी वेळेत थंड झाले तर शैवाल परत येते. त्या नाजूक आठवड्यांत त्याच्यावर चिखल बसला, सांडपाण्याने शेवाळ माजले किंवा वरून साखळी घासली, तर सावरण्याची संधी हुकते. मांडवी आणि झुवारी पावसाळ्यात लाल गाळ आणतातच, इथल्या प्रवाळाला त्याची थोडी सवयही आहे. डोंगरकापणीने आणि उघड्या पडलेल्या मातीने तो गाळ वाढतो, ते मात्र आपले काम. उष्णता एकट्या गोव्याला थांबवता येणार नाही, गाळ आणि सांडपाणी येईल. हिशेब मांडायचा तो याचसाठी.

प्रश्न : आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करतो. प्रवाळाचे नाव निघाले की आमच्याकडेच बोट का दाखवतात? (एक मच्छीमार, काणकोण)

उत्तर : तुमचा राग मला समजतो. रापण, म्हणजे माणसांनी हाताने ओढायचे मोठे जाळे, वाळूच्या किनाऱ्यावर ओढतात, तिचा प्रवाळाशी फारसा संबंध नाही. ट्रॉलरवालेही खडक टाळतात, जाळे फाटते म्हणून. पण त्यांनी चिखलाच्या तळावरून ओढलेल्या जाळ्याने उठलेला गाळ लांबवर जातो. आणखी एक गोष्ट आहे, त्यात लहान होडीचेही जाळे येते. खडकाला अडकून तुटलेले नायलॉनचे जाळे कुजत नाही, लाटेगणिक प्रवाळावर घासते आणि मासे, खेकडे मारत राहते. जाळे अडकले तर जागा लक्षात ठेवून पाणबुड्यांना सांगा, ते कापून काढता येते. जोराने ओढू नका. जाळे तर जातेच, वसाहतही उखडते.

प्रश्न : सनस्क्रीनने प्रवाळ मरते का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : ऑक्सिबेंझोनसारखी काही रसायने प्रयोगशाळेत प्रवाळाच्या पिलांना घातक ठरली आहेत. हवाईने 2021 पासून अशा सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी आणली. तरी नांगर आणि गाळ यांपुढे हा धोका मी खाली ठेवीन. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घाला, मग क्रीम कमी लागेल.

प्रश्न : विद्यार्थ्यांना किनाऱ्यावर प्रवाळाचा वाळलेला पांढरा तुकडा सापडला. शाळेत ठेवू का? (एक शिक्षिका, वास्को)

उत्तर : ठेवू नका. कठीण प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे, आणि मेलेला तुकडाही त्यातून सुटत नाही. जिथे मिळाला तिथेच मुलांना भिंगातून खळगे दाखवा, फोटो काढा आणि तुकडा परत पाण्यात सोडा. मेलेल्या सांगाड्यावरही नवे प्रवाळ रुजू शकते.