ख्रिस्ती नम्रता म्हणजे स्वतःला कमी लेखणं का?

प्रश्न असा आहे की कॉलेजातले ट्रेनर आरशासमोर उभं राहून 'मीच भारी' म्हणायला लावतात आणि चर्चमध्ये लीन व्हा सांगतात, मग ऐकायचं कोणाचं?

मी अचलपूरकडचा. आमच्याकडे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी फादर बारा जणांचे पाय धुतात. एका वर्षी त्यात एक सालदार काका होते. टाचांना भेगा, त्यात कपाशीच्या वावरातली काळी माती बसलेली. काका लाजून पाय मागं घेत होते. फादरनी पाय हातात धरला, सावकाश धुतला, पुसला. त्या दिवशी कमी कोण झालं? दोघांपैकी कोणीच नाही.

बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायात मूळ प्रसंग आहे: येशू आपल्या शिष्यांचे पाय धुतो. पाय धुणं हे तेव्हा नोकराचं काम. पण आधीची ओळ लोक वाचतच नाहीत: आपण देवाकडून आलो, सगळं आपल्या हाती दिलंय, हे येशूला पक्कं ठाऊक होतं, मग त्यानं कमरेला रुमाल बांधला. म्हणजे आपण कोण ते माहीत असल्यावरचं वाकणं आहे हे. न्यूनगंड नव्हे.

मालकापुढं पोटासाठी हात जोडणं ही लाचारी. तिला नम्रता म्हणून खपवणारे आमच्यातही आहेत, त्यांचं ऐकू नका. बायबल सांगतं तशी शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करायची तर स्वतःचा राग राग करून कसं भागेल?

ट्रेनरचं म्हणाल तर आत्मविश्वास हवाच. फक्त त्यांचा 'भारी' बारावीच्या निकालापर्यंतच टिकतो, असं मी दोन पुतण्यांच्या बाबतीत पाहिलंय.