एन्झाइम प्रथिनांवर आणि डीएनएवर नेमकं काय चिकटवतात?

तुम्ही विचारलंय की एन्झाइम (पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारे रेणू) प्रथिनांत आणि डीएनएत रासायनिक बदल करतात म्हणजे काय. यवतमाळकडच्या आमच्या गावात पोरांना हे सांगताना मी रानडुकरापासून सुरुवात करतो.

रात्री जागलीला गेलात आणि तुरीतून डुक्कर अंगावर आलं. रक्तात अ‍ॅड्रेनॅलिन उतरतं आणि स्नायूंच्या पेशींत कायनेज नावाची एन्झाइम कामाला लागतात. ती एटीपीचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचा) एक फॉस्फेट काढून दुसऱ्या प्रथिनाच्या सेरीन, थ्रिओनीन किंवा टायरोसीन या अमिनो आम्लांवर, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या मण्यांवर, बसवतात. फॉस्फेटवर ऋण भार असतो, म्हणून प्रथिनाची घडीच बदलते. एका एन्झाइमनं दुसऱ्याला जागं करायची ही साखळी ग्लायकोजेन फॉस्फोरिलेज या एन्झाइमपर्यंत जाते. त्याच्या 14व्या जागेवरच्या सेरीनवर फॉस्फेट बसला की साठवलेलं ग्लायकोजेन (स्नायूंतला साखरेचा साठा) फुटायला लागतं आणि पळायला बळ मिळतं. डुक्कर गेलं की फॉस्फटेज नावाचं एन्झाइम तो फॉस्फेट काढून टाकतं. मला यातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच, की बदल परत फिरवता येतो. याच शोधासाठी एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स या शास्त्रज्ञांना 1992 चं नोबेल मिळालं.

डीएनएवरची खूण जास्त टिकते. मिथिलट्रान्सफरेज हे एन्झाइम डीएनएच्या चार अक्षरांपैकी एका अक्षराला, सायटोसीनला, मिथिल गट (एक छोटा रासायनिक तुकडा) लावतं. अक्षरं तीच राहतात, पण जनुकाच्या सुरुवातीला अशा खुणा दाटल्या की ते सहसा गप्प होतं. पऱ्हाटीच्या पानात आणि बोंडात डीएनए एकच. कोणतं जनुक कुठं चालेल हे ठरवण्यात या खुणांचाही वाटा असतो.

डीएनए ज्यांवर गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन नावाच्या प्रथिनांनाही ॲसिटिल गट, असाच एक छोटा तुकडा, लागतात. मग गुंडाळी सैल होते आणि जनुक वाचता येतं.