व्यवस्थापनावर विश्वास ठेवून पगारवाढीची वाट पाहावी का?

पुण्यातील एका सॉफ्टवेअर सेवा कंपनीत सहा वर्षे काढूनही पॅकेज सहा लाखांपाशीच अडकले आहे, व्यवस्थापक दर एप्रिलला ‘पुढच्या वेळी नक्की’ म्हणतात, तेव्हा विश्वास ठेवून थांबावे की पगारवाढ मागण्याची काही योग्य पद्धत आहे, असे आपण विचारले आहे. थांबू नये, हे माझे उत्तर. पद्धतीविषयी पुढे लिहितेच, परंतु ‘योग्य पद्धतीने मागितले की मिळते’ हे वाक्य आमच्या घरात मी इतक्या वेळा ऐकले आहे की आधी त्याचा समाचार घेणे मला भाग आहे.

हिंजवडीतील एका मध्यम आकाराच्या कंपनीत मी बरीच वर्षे पेरोल सांभाळत होते. पगार ठरवण्याचा अधिकार मला नव्हता, मात्र ठरलेला पगार माझ्या हातूनच जात असे, आणि म्हणून तो कोणत्या क्रमाने ठरतो हे मला रोज दिसत असे. कर्मचाऱ्यांसाठी अप्रेझलचा, म्हणजे वार्षिक कामगिरी मूल्यमापनाचा, अर्ज उघडण्याच्या आधीच, फेब्रुवारीत, वित्त विभागाकडून एक तक्ता यायचा. प्रत्येक विभागाच्या एकूण वेतनखर्चावर किती टक्के वाढ द्यायची, हा आकडा त्यात पक्का झालेला असे. त्यानंतर मार्चमध्ये लोक रात्री जागून वर्षभरातील कामगिरीचे परिच्छेद लिहीत, व्यवस्थापकांबरोबर बंद खोलीत चर्चा करीत, आणि आपल्या लिहिण्याने काही ठरणार आहे असे समजत. म्हणजे कापड आधीच बेतलेले आणि अंगाचे माप मागाहून घ्यायचे, असा तो प्रकार होता.

व्यवस्थापकांनी दिलेल्या श्रेणी त्या टक्क्यांत बसल्या नाहीत, तर ‘नॉर्मलायझेशन’ची, म्हणजे श्रेणी वर-खाली करून त्या टक्क्यांत बसवण्याची, बैठक होई. एका अनुभवी टेस्टरला तिच्या व्यवस्थापकाने सर्वोच्च श्रेणी दिली होती. त्या श्रेणीच्या जागा भरल्यामुळे बैठकीत ती एक पायरी खाली आली. तिला मात्र सांगण्यात आले की तिची ‘व्हिजिबिलिटी’ कमी पडली, म्हणजे ती वरिष्ठांच्या नजरेत भरली नाही. माझ्याकडच्या फाइलमध्ये जुनी श्रेणी, नवी श्रेणी आणि शेरा असे तीन स्तंभ होते, आणि शेऱ्याचा स्तंभ बैठकीनंतर कित्येक दिवस रिकामाच होता. आधी श्रेणी उतरली आणि कारण नंतर शोधले गेले. पुढचे वर्षभर ती बिचारी प्रत्येक टाउनहॉलमध्ये, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांच्या सभेत, उभी राहून प्रश्न विचारत होती.

आता माझे स्वतःचे. माझ्या विभागात एक नवा सहकारी आला. भविष्यनिर्वाह निधीचा भरणा पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, टीडीएसचा, म्हणजे पगारातून कापलेल्या प्राप्तिकराचा, ७ तारखेपर्यंत, मार्चच्या टीडीएसला मात्र ३० एप्रिलपर्यंत मुदत, ही सगळी घडी त्याला मीच शिकवली. त्याचा पगार प्रणालीत चढवण्याचे कामही माझ्याकडेच होते, आणि तो माझ्या पगारापेक्षा अधिक होता. त्या मुलावर माझा राग नव्हता, त्याने बाजारभाव मागितला आणि त्याला तो मिळाला. मी त्याच्या पगाराचा उल्लेखही न करता मनुष्यबळ विभागाला सविस्तर ईमेल लिहिला. माझ्याकडची कामे, आजवर एकाही भरण्यास उशीर न झाल्याची नोंद, खात्याची एकही नोटीस न आल्याची नोंद, आणि त्या आधारावर पगाराच्या फेरविचाराची विनंती, असा तो मजकूर होता. उत्तरात प्रथम मला वेतनविषयक गोपनीयतेच्या कलमाची आठवण करून देण्यात आली. त्यानंतर समोरासमोर भेटीत सांगण्यात आले की ऑक्टोबरमध्ये ‘करेक्शन’, म्हणजे मागे पडलेल्या पगारांची दुरुस्ती, होणार आहे, तुमचे नाव यादीत आहे. ऑक्टोबरपर्यंत ते गृहस्थ दुसऱ्या कंपनीत गेले होते, आणि त्यांच्या जागी आलेल्या बाईंकडे तशी काही नोंद नव्हती.

मी राजीनामा दिला. दुसऱ्याच दिवशी, वर्षभर ज्यासाठी पैसे नव्हते त्याहून मोठी वाढ माझ्यासमोर ठेवण्यात आली. इतरांना अशा वेळी आश्चर्य वाटत असेल, मला वाटले नाही, कारण ते पैसे कोणत्या शीर्षाखालून आले हे मला ठाऊक होते. वार्षिक पगारवाढीची तरतूद वेगळी असते आणि निघालेल्या माणसाला थांबवण्यासाठी ठेवलेली ‘रिटेन्शन’ची तरतूद वेगळी असते. त्या दुसऱ्या तरतुदीचा तिमाही हिशेब मीच वित्त विभागाला पाठवीत असे. मी वाढ नाकारली आणि नव्वद दिवसांचा नोटीस कालावधी पूर्ण करून बाहेर पडले.

माझे थोरले दीर, ज्यांना घरात सगळेच दादा म्हणतात, एका उत्पादन कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. गौरी-गणपतीला सगळे जमले की ते हमखास म्हणत, “तुम्ही लोक मागतच नाही. बोलायला घाबरता आणि मग कंपनीला शिव्या देता.” मी त्यांना माझा ईमेल दाखवला, तेव्हा म्हणाले, समोर बसून मागायचे असते. समोर बसूनही मागितले होते, असे सांगितले तेव्हा विषय बदलला. राजीनाम्यानंतरची गोष्ट कळल्यावर मात्र त्यांनी विजयी मुद्रेने विचारले, “बघ, मागितल्यावर दिले की नाही?” मागितल्यावर नाही, दादा, सोडल्यावर दिले, असे मी म्हणाले. त्यावर ते क्षणभर थांबले आणि व्यवस्थापनाच्या तोंडून मी ऐकलेले एकमेव प्रामाणिक वाक्य बोलून गेले: “जो थांबणारच आहे, त्याला जास्त कशाला द्यायचे?” या वाक्याचा राग मानण्यात अर्थ नाही. विचारणाऱ्यांनी ते लिहून ठेवावे, कारण ‘पुढच्या वेळी नक्की’ या आश्वासनामागे बहुतेक वेळा हाच हिशेब असतो. आपण सहा वर्षे थांबलात, यातून आपली निष्ठा त्यांना दिसली असे आपल्याला वाटते. त्यांना दिसते ते इतकेच की आपण थांबता.

आपल्या सहा लाखांचाही जरा हिशेब मांडू. सहा लाख भागिले बारा म्हणजे पन्नास हजार, असे घरचे समजतात. मूळ वेतन निम्मे म्हणजे वर्षाला ३,००,००० धरले, तर कंपनीच्या वाट्याचा १२ टक्के भविष्यनिर्वाह निधी ३६,००० रुपये आणि ४.८१ टक्के दराने ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) १४,४३० रुपये याच सहा लाखांतून वजा होतात. दहा टक्के व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर अवलंबून असलेला, हमी नसलेला भाग, असेल तर आणखी ६०,००० बाजूला जातात. उरलेल्या ४,८९,५७० चा महिना सुमारे ४०,८०० होतो, त्यातून आपला स्वतःचा ३,००० रुपयांचा निधी आणि महाराष्ट्राचा २०० रुपये व्यवसाय कर गेला की खात्यात सुमारे ३७,६०० येतात. (काही कंपन्या निधीचा हिशेब १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर, म्हणजे महिना १,८०० रुपयांनी करतात, तेव्हा हातात थोडे अधिक येते.) त्यामुळे वाढीची बोलणी पॅकेजच्या आकड्यावर कधीही करू नका, हमखास मिळणाऱ्या मासिक रकमेवर करा. पॅकेज वाढले आणि सगळी वाढ व्हेरिएबलमध्ये गेली, अशी पत्रे मी स्वतः छापलेली आहेत. शिवाय रिझर्व्ह बँकेचे महागाईचे लक्ष्यच ४ टक्के आहे, वर-खाली २ टक्के. पाच टक्क्यांच्या ‘हाइक’ने आपण जागच्या जागी उभे असता, तिचे पेढे वाटण्याचे कारण नाही.

कंपनीकडे खरोखरच पैसे नाहीत का, हे पाहण्याचा एक मार्ग आपल्या हातात आहे आणि तो फार थोडे लोक वापरतात. आपली कंपनी शेअर बाजारात सूचीबद्ध असेल, तर कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १९७(१२) नुसार प्रत्येक संचालकाचे मानधन आणि कर्मचाऱ्यांचे मध्यक वेतन (सगळे पगार क्रमाने लावले की मधोमध येणारा पगार) यांचे गुणोत्तर, तसेच त्या वर्षी मध्यक वेतनात किती टक्के वाढ झाली, हे जाहीर करावे लागते. ही माहिती संचालक मंडळाच्या अहवालात किंवा त्याच्या जोडपत्रात असते. काही मोठ्या आयटी कंपन्यांत हे गुणोत्तर शेकड्यांत आहे. ‘बाजार मंद आहे’ हे वाक्य ऐकल्यावर ते पान उघडून मंदी नेमकी कोणत्या मजल्यावर आली आहे, ते पाहावे. नवोदितांचा पगार दशकाहून अधिक काळ साडेतीन लाखांच्या आसपास रेंगाळला, हे तर या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. इन्फोसिसच्या संचालक मंडळावर राहिलेले टी. व्ही. मोहनदास पै यांनीही २०१७ मध्ये मोठ्या कंपन्या आपसात ठरवून नवोदितांचे पगार खाली ठेवतात, असा जाहीर आरोप केला होता. तेव्हा हा अविश्वास केवळ आपल्यासारख्या रडणाऱ्यांचा आहे, असे कोणी म्हणू नये, आणि हे विशेषतः आमच्या दादांनी वाचावे.

पद्धत विचारलीत म्हणून सांगते. वाढीची मागणी एप्रिलमध्ये नव्हे, डिसेंबरमध्ये करावी, कारण तक्ता फेब्रुवारीपर्यंत पक्का होतो आणि एप्रिलमध्ये व्यवस्थापकाच्या हातात सहानुभूतीखेरीज काही उरत नाही. मागणी लेखी असावी. तोंडी आश्वासन मिळाले तर त्याच संध्याकाळी ‘आज आपण असे म्हणालात’ असा ईमेल पाठवावा, त्याला उत्तर आले नाही तरी नोंद राहते. दुसरीकडचे ऑफर लेटर हातात आल्याशिवाय ‘मी सोडतो’ हे शब्द उच्चारू नयेत, आणि ते आल्यावर केवळ भाव वाढवण्यासाठी वापरूही नये. काउंटर ऑफर, म्हणजे राजीनाम्यानंतर जुन्याच कंपनीने देऊ केलेली वाढ, घेऊन थांबलेले काही जण पुढे सुखी झाले, हे मी पाहिले आहे, पण त्यांच्या फायलीवर ‘जाऊ शकतो’ हा शिक्का बसलेलाही पाहिला आहे.

हे सगळे सरसकट सगळ्यांना लागू करू नका. माझा अनुभव मध्यम आकाराच्या सेवा कंपनीचा आहे, जिथे ग्राहक प्रत्येक माणसामागे ठरलेला दर देतो आणि पगार वाढला की नफा तेवढाच कमी होतो. स्वतःची सॉफ्टवेअर उत्पादने विकणाऱ्या कंपन्यांत चित्र बरे असते. आपल्या थेट व्यवस्थापकावर चिडू नका, त्यालाही बहुधा तोच तक्ता मिळालेला असतो. गृहकर्जाचा हप्ता चालू असेल तर नव्या कंपनीत रुजू होण्याची तारीख पक्की झाल्याखेरीज राजीनामा देऊ नका. व्हेरिएबल जमा होण्याची तारीखही आधी पाहून घ्या, कारण त्या दिवशी नोटीस कालावधीत असलेल्यांना ते न देण्याची अट अनेक नियुक्तिपत्रांत असते.

आपली सलग पाच वर्षे पूर्ण झाली आहेत, त्यामुळे ग्रॅच्युइटीवर आपला हक्क आहे. मूळ वेतन २५,००० असेल तर २५,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ६, म्हणजे सुमारे ८६,५०० रुपये होतात. चार नव्या श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या असून वेतन संहितेनुसार राजीनामा देणाऱ्याचे देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावे लागते. ‘फुल अँड फायनल’ला, म्हणजे शेवटचा हिशेब चुकता करायला, पंचेचाळीस दिवस लागतात असे मनुष्यबळ विभागाने सांगितले, तर त्या तरतुदीचा उल्लेख करून लेखी विचारणा करा आणि तरीही अडवणूक झाली तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार नोंदवा. आपल्या सगळ्या पगारपावत्या आणि फॉर्म १६ मात्र शेवटच्या दिवसापूर्वीच उतरवून ठेवा, कारण त्या संध्याकाळी लॉगिन बंद होते आणि पुढे त्याच कागदांसाठी विनवण्या कराव्या लागतात.